बंद घड्याळाची टिकटिक

सोमवार, २१ नोव्हेंबर १९९४

ज्वालामुखी नाही! नाही म्हणजे नाही! पायलला किती वेळा सांगितलं. तिचं आपलं एकच — "संजू, धूर निघतो, लाल पाणी उसळतं, सगळे आपल्याच टेबलाशी येतील." येतील ना. आणि बाजूच्या टेबलावरही ज्वालामुखीच असेल. गेल्या वर्षी एकाने तर बाकच जाळला होता.

विज्ञान प्रदर्शन नाताळच्या सुट्टीच्या आधी. नववीतल्या प्रत्येक जोडीने काहीतरी केलंच पाहिजे, नाहीतर तोंडीचे मार्क गेले. ती बोलणार, मी करणार — हे पायलनेच ठरवून टाकलं. बरंच झालं. चार माणसांसमोर उभं राहिलं की मी पाठ केलेलंही विसरते.

बुधवार, २३ नोव्हेंबर

विज्ञानाच्या म्हात्रे बाईंनी आज एकेकाचे विषय उडवले. पवनचक्की — "पुस्तकातली." सूर्यचूल — "तीही पुस्तकातली." पेरिस्कोप — "भाईंदरला पाणबुडी कुठे ठेवलीय गं?" सगळा वर्ग हसला. शेवटी म्हणाल्या, "ज्याचं उत्तर मला माहीत नाही असा प्रश्न आणा. तुम्हाला स्वतःला पडलेला."

मला कुठले प्रश्न पडतात? जेवायला काय आहे!

एक पडतो. पण तो काही प्रदर्शनात मांडायचा नाही. बाबा माझ्याशी बोलत का नाहीत? जूनमध्ये मी त्यांना म्हटलं होतं, दहावीनंतर मला सायन्सला जायचंय. जेवत होते. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. भाकरी संपवली, उठले, बाहेर जाऊन बसले. म्हणजे नकोच असणार. तेव्हापासून मीही काही विचारत नाही. 'हं' आणि 'बरं' एवढ्यावर आमचं चाललंय. ते कारखान्यात, मी शाळेत.

जाऊ दे.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

प्रश्न सापडला! आणि सापडला तो पायलला — तिला कळायच्या आधीच!

ती आज पहिल्यांदाच आमच्या चाळीत आली. ती राहते तिकडे बेव्हर्ली पार्कला, नव्या बिल्डिंगमध्ये. दारात चप्पल काढता काढता थांबली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मी नंतर येऊ का? तुमच्याकडे भांडण चाललंय."

भांडण कसलं! आई शेजारच्या शेवंतीमावशीला विचारत होती, मेथी कशी दिली.

"एवढ्या मोठ्याने?"

मी म्हटलं, आमच्याकडे सगळे असेच बोलतात.

"पण का?"

का बरं? मग रांगोळीचे ठिपके जुळतात तसं डोक्यात जुळत गेलं. आमच्या चाळीतले बहुतेक पुरुष स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत. कुणी पत्रा ठोकतं, कुणी मशीनवर पातेली चकचकीत करतं. बाबासुद्धा पॉलिशवरच. दिवसभर तो आवाज कानात गेला तर कान कमी होणारच. मग घरी येऊन मोठ्याने बोलणार. मग बायकाही मोठ्याने. मग आम्हीही! खरं असेल का हे? कोणी मोजलंय?

पायल पोहे खात होती. म्हणाली, "ज्वालामुखीपेक्षा बरं वाटतंय." तिच्या तोंडून हे म्हणजे फारच झालं.

शनिवार, २६ नोव्हेंबर

बाईंना सांगितलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मला वाटलं, उडवला. मग म्हणाल्या, "याचं उत्तर मला माहीत नाही."

!!!!!

मंगळवार, २९ नोव्हेंबर

बाईंनी पद्धत शिकवली. माणसाला डोळे मिटून बसवायचं. चावीचं मनगटी घड्याळ कानाजवळ धरायचं आणि हळूहळू लांब न्यायचं. टिकटिक यायची थांबली की त्याने हात वर करायचा. तिथपर्यंतचं अंतर दोरीने मोजायचं. आधी एक कान, मग दुसरा. बस्स!

बाईंनी दोन घड्याळं दिली. एक चालतं. दुसरं त्यांच्या सासऱ्यांचं, कायमचं बंद पडलेलं. मला कळेना, बंद कशाला? तर म्हणाल्या, "मधेच कधीतरी गुपचूप हे धरायचं. माणसं लाजेने हो हो म्हणतात गं. बंद घड्याळ ज्याला ऐकू येतं, त्याचं उत्तर धरायचं नाही."

आणि नाव कुणाचंच लिहायचं नाही. फक्त वय आणि काम. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

गुरुवार, १ डिसेंबर

भाईंदरमध्ये शांत जागा शोधून दाखवा कुणीतरी! वर्गात करायला गेलो — शेजारी पाढे. पायलच्या गच्चीवर गेलो — समोर नवी बिल्डिंग उठतेय, खडी-सिमेंटचा घरघराट. तिने वरसावेचं नाव काढलं, तिचे काका राहतात तिकडे, खाडीकाठ म्हणे एकदम शांत. हो, आणि तिथल्या पुलावरून ट्रक काय आवाज न करता जातात! मिठागराच्या बांधावर शांतता होती, पण वारा एवढा की घड्याळच काय, पायलही ऐकू येत नव्हती.

शेवटी आमचं विहार. दुपारी तिथे कुणी नसतं. किल्ली मुक्ताबाईंकडे, त्या रोज झाडतात. मी भीत भीत विचारलं. म्हणाल्या, "बुद्धासमोर बसून कान तपासणार? तपासा की. तिथं कुणी खोटं बोलायचं नाही."

रविवार, ४ डिसेंबर

आज वर्गातली मुलं-मुली आणि चाळीतल्या बायका. मुलांना घड्याळ हातभर लांबूनही येतं. बायकांना थोडं कमी. आईने डोळे मिटले आणि दर क्षणाला विचारतेय — "आता काय करायलीस? झालं का? झालं का?" आई गप्प बसेल तर टिकटिक ऐकेल ना!

पायलने सगळं सुंदर अक्षरात उतरवलं. मला वाटायचं तिला फक्त बोलता येतं.

मंगळवार, ६ डिसेंबर

चैत्यभूमीला गेलो होतो. पाय गेलेत. एवढंच लिहून झोपणार होते, पण राग आलाय.

गर्दीत आईचा आणि माझा हात सुटला. बाबा पुढेच होते, मला त्यांचा पांढरा सदरा दिसत होता. मी हाक मारली. परत मारली. गळा फाडून ओरडले — "बाबा!" शेजारची अनोळखी माणसं वळून बघायला लागली. बाबा नाही वळले. चालतच राहिले. शेवटी एका काकूंनी पुढे जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मागं कशाला राहतीस?"

परत येताना मी एक शब्द बोलले नाही. त्यांना काय फरक पडतो!

रविवार, ११ डिसेंबर

नीट लिहिते.

आज कारखान्यातल्या लोकांची पाळी होती. खंडूकाका सगळ्यात आधी आले. ते बाबांबरोबर पॉलिशवर होते, गेल्या वर्षी त्यांना कामावरून काढलं. मुकादमाने मागून हाक मारली ती त्यांना ऐकू आली नाही आणि पत्र्यांची थप्पी घसरली. कुणाला लागलं नाही, पण "कामाचा नाही राहिला" म्हणून घरी बसवलं. आता मासळी बाजाराबाहेर लिंबं विकतात. खंडूकाकांनी सरळच सांगितलं, "पोरी, डावा गेलाय. उजव्याचं बघ काय राहिलंय ते." उजव्या कानाला घड्याळ वीतभर अंतरावर येत होतं. ते खूश झाले! "हाय की मग अजून!"

मग एकेक जण येत गेला. कुणाला वीतभर, कुणाला चार बोटं. पायल लिहिता लिहिता माझ्याकडे बघायला लागली. आमचा अंदाज बरोबर निघतोय हे बघून खरं तर आनंद व्हायला हवा. मला होईना. ही सगळी ओळखीची माणसं.

सगळ्यात शेवटी बाबा. आईने ढकलून पाठवलं होतं — "लेकीचं काम हाय, जा की." आले, बसले, डोळे मिटले. पायल पाणी प्यायला बाहेर गेली होती. मी घड्याळ उजव्या कानाशी धरलं. म्हणाले, "येतंय." थोडं लांब नेलं. "येतंय." अजून लांब. "येतंय."

मला बरं वाटलं. सगळ्यांपेक्षा बाबांचे कान चांगले! मग बाईंनी शिकवलं तसं घड्याळ बदललं. बंद घड्याळ अगदी कानाला टेकवलं.

"येतंय," बाबा म्हणाले.

डावा कान. बंद घड्याळच.

"येतंय, येतंय."

डोळे घट्ट मिटलेले. मांडीवर दोन्ही हात, शाळेतल्या मुलासारखे. आणि चेहऱ्यावर एवढी काळजी — बरोबर उत्तर देतोय ना मी, अशी.

मी म्हटलं, "झालं बाबा." ते तसेच बसून राहिले. मी परत म्हटलं, "झालं." तसेच. मग मी खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले आणि आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. ओठांकडे.

पायल आली तेव्हा मी सांगितलं, बाबांचं नंतर करू.

सोमवार, १२ डिसेंबर

शाळेत लक्ष नव्हतं. चैत्यभूमीची हाक. आईच्या बोलण्याला 'हं'. माझ्या बोलण्याला 'बरं'. सगळं उलटसुलट करून परत बघतेय.

बुधवार, १४ डिसेंबर

आज विचारलं! आई मुक्ताबाईंकडे गेली होती. बाबा मोरीत बसून नखांतली पॉलिशची काळी घाण साबणाने काढत होते. मी त्यांच्या अगदी समोर जाऊन बसले.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग साबण खाली ठेवला.

"कोण म्हणलं?"

"घड्याळ बंद होतं बाबा."

हातावरचा फेस धुतला. मग म्हणाले, "लई दिवस झाले. आधी डावा गेला. मग दुसराबी. थोडं थोडं येतं. समोर असलं की तोंड बघून कळतं."

"आईला माहीत आहे?"

"तिला कसं कळणार? ती ओरडूनच बोलती."

आणि मला हसू फुटलं. मग त्यांनाही. आम्ही दोघं मोरीत बसून हसतोय! मला आठवतच नाही असं शेवटचं कधी हसलो.

मग ते गंभीर झाले. "कुणाला सांगू नको संजू. खंडूचं काय झालं बघितलंस ना. मालकाला कळलं तर मलाबी घरी बसवतील."

मी म्हटलं, नाही सांगणार. आणि मग धीर करून ते दुसरं विचारलं. "जूनमध्ये मी तुम्हाला काहीतरी म्हटलं होतं. जेवताना."

"काय?"

"दहावीनंतर सायन्सला जायचंय म्हणून."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "मला काय माहीत? तू खाली मान घालून बोलतीस. मला वाटलं मीठ कमी हाय म्हणायलीस."

मीठ!!

"सायन्स म्हणजे डॉक्टरचं?"

"तसंच. किंवा शिक्षिका. बाईंसारखी."

"मग जा की. मी कधी नको म्हणलं?"

सहा महिने! सहा महिने मी फुगून बसले होते, आणि त्यांना वाटत होतं पोरगी अभ्यासात आहे! रडू आलं. पण छातीवरून दगड काढल्यासारखं वाटतंय. कधी एकदा सकाळ होते आणि पायलला सांगते — अरे देवा, पायलला नाही सांगायचं.

शुक्रवार, १६ डिसेंबर

पायलशी भांडण. तिने विचारलं, "तुझ्या बाबांचं राहिलंय." मी म्हटलं, नको त्यांचं. ती म्हणाली, "ते तर सगळ्यात जास्त वर्षं पॉलिशवर आहेत. तेच सोडून द्यायचं? मग आपला तक्ता खोटाच की." मी म्हटलं, तुझ्या बाबांचे घे. ती म्हणाली, "माझे बाबा बँकेत आहेत!" आणि दप्तर उचलून निघून गेली.

ती बरोबर आहे. म्हणूनच जास्त राग आला.

शनिवार, १७ डिसेंबर

बाबांना सगळं सांगितलं. समोर बसून, मान वर करून. त्यांनी विचारलं, "नाव लिहिणार नाही ना?" मी म्हटलं, कुणाचंच नाही. "मग लिही. खोटं कशाला मांडायचं."

विहारात नेऊन नीट तपासलं. डावा — काहीच नाही. उजवा — टेकवलं तरी नीट नाही. मी लिहिलं. पायलच्या घरी जाऊन कागद तिच्या हातात दिला. तिने वाचला, कुणाचा ते तिला कळलंच. फक्त म्हणाली, "जेवून जा. आईने घावणे केलेत."

शहाणी आहे पायल. मी उगाच काही बोलत असते तिला.

गुरुवार, २२ डिसेंबर

मेले! मेले! मेले!

मोठ्या सरांनी आज प्रार्थनेनंतर सांगितलं, प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे कोण? ज्यांनी शाळेला पंखे दिले ते शेठ. कारखान्याचे मालक. कुठल्या कारखान्याचे? बाबांच्या!

पायलचा चेहरा पांढरा पडला. माझा कसा झाला असेल कुणास ठाऊक.

बाईंकडे धावले. सगळं नाही सांगितलं, एवढंच सांगितलं की यातले लोक त्यांच्याकडे कामाला आहेत. बाई म्हणाल्या, "घाबरू नकोस. नाव नाही ना कुठे? आणि नाही मांडायचं असेल तर नको मांडूस. तुझ्यावर आहे."

माझ्यावर! तेच तर नको असतं मला.

शुक्रवार, २३ डिसेंबर

बाबांना विचारलं, मागे घेऊ का? ते म्हणाले, "शेठ काय वाचायला येणार हाय? हार घालून घेतील, नारळ घेतील, जातील."

मांडणार.

शनिवार, २४ डिसेंबर

संपलं! पलंगावर पालथी पडून लिहितेय. सगळं लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सभागृहात टेबलं. आमच्या एका बाजूला ज्वालामुखी, दुसऱ्या बाजूलाही ज्वालामुखी! मध्ये आमचा तक्ता — रंगीत पट्ट्या, पायलच्या अक्षरात. शाळेतल्या मुलांची पट्टी लांबलचक, बायकांची जरा कमी, आणि भांड्यांच्या कारखान्यातल्या लोकांची बुटकी. वर मथळा — 'आम्ही मोठ्याने का बोलतो?' लोक हसत हसत यायचे आणि बुटकी पट्टी बघून गप्प व्हायचे.

आई-बाबा आले. आई नवं लुगडं नेसून. बाबा दाराशीच उभे राहिले.

मग शेठ आले. पांढरे कपडे, गळ्यात हार, मागे मोठे सर आणि दोन-तीन माणसं. माझ्या मनात एकच — इथे थांबू नका, इथे थांबू नका. दोन्ही ज्वालामुखींचे धूर बघून ते खोकले, आणि आमच्यासमोर थांबले.

"ये कान का क्या है बेटा?"

पायलने धडाधड सांगितलं. तिचं पाठच होतं. शेठ तक्त्याकडे बघत होते. बुटक्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "ये लोग कौन से कारखाने के हैं?"

पायल थांबली. तिला हे पाठ नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं.

मोठे सर म्हणाले, "सांग बाळ, सांग शेठना."

दाराशी बाबा. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मला माहीत होतं ते ओठ वाचणार. मी मान वर केली आणि म्हटलं, "सर, आम्ही त्यांना शब्द दिलाय. नाव सांगणार नाही म्हणून."

मोठ्या सरांच्या कपाळाला आठ्या. शेठ माझ्याकडे बघतायत. आणि पायल — काय डोकं आहे या मुलीचं! — एकदम गोड आवाजात म्हणाली, "शेठजी, आप भी टेस्ट करो ना! एक मिनिट लगेगा."

सगळे हसले. शेठही हसले. बाजूच्या प्रयोगशाळेत नेलं, तिथे जरा शांत होतं. मोठे सर दारातच कुणाशी तरी बोलत थांबले. शेठ स्टुलावर बसले, डोळे मिटले. मी घड्याळ धरलं, चालणारं.

"आ रहा है."

लांब नेलं. "आ रहा है." अजून लांब. "हाँ हाँ, आ रहा है."

हे सगळं मी आधी बघितलं होतं. मी घड्याळ बदललं, बंद घड्याळ त्यांच्या कानाला टेकवलं.

"आ रहा है बेटा. बराबर आ रहा है."

पायलने तोंडावर हात ठेवला. काय करायचं? नुसतं थँक्यू म्हणून सोडून द्यायचं? मग त्यांना कधी कळणार? मी त्यांच्या हाताला हात लावला, आणि काही न बोलता ते घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी बघितलं. हातात घेतलं. कानाला लावलं. परत बघितलं. काटे तिथेच.

"बंद है?"

मी मान हलवली.

ते तसेच बसून राहिले. हार गळ्यात. मग अगदी हळू म्हणाले, "मेरा ऑफिस मशीन के ऊपर ही है. बीस साल से." आणि मग, दाराकडे बघत — "किसी को बोलना मत."

बाबांचंच वाक्य! हिंदीत!

मी म्हटलं, "नाम हम किसी का नहीं लिखते."

ते उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाहेर जाऊन मोठ्या सरांना म्हणाले, "अच्छा है. बहुत अच्छा है." आणि पुढचे ज्वालामुखी न बघताच गेले.

बाबा लगेच माझ्याजवळ आले. "काय म्हणले शेठ?" मी त्यांच्या समोर उभी राहून, सावकाश, ओठ नीट हलवून सांगितलं — "काही नाही बाबा. चांगलं आहे म्हणाले." यात खोटं काहीच नव्हतं.

रविवार, २५ डिसेंबर

काल नंबर लिहायचा राहिला. पहिला — ज्वालामुखी! आम्ही उत्तेजनार्थ. पायल म्हणते, "तरी मी सांगत होते." तिच्या आईने घरी बोलावून श्रीखंड दिलं. दिवसभर लोळले. कसलंच ओझं नाही. किती हलकं वाटतंय!

बुधवार, २८ डिसेंबर

संध्याकाळी बाबा घाईघाईने आले. शेठने सगळ्या पॉलिशवाल्यांना बोलावलं होतं म्हणे. बाबांना वाटलं, संपलं. पण शेठ म्हणाले, एकेकाने सुट्टी घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात कान दाखवून या, पगार कापणार नाही. कुणाला काढणार नाही. कानात घालायला बुचं मागवलीत. मुकादम तोंड उघडं टाकून ऐकत होता!

बाबांनी हे सगळं आईला सांगितलं. आणि मग तेही सांगितलं. आई स्टोव्हजवळ बसली होती. "म्हणजे इतकी वर्षं मी काय काय बोलले तुमाला," म्हणाली, "त्यातलं काहीच ऐकलं नाही?"

"काही काही ऐकलं," बाबा म्हणाले.

आई रडली, मग चिडली, मग हसली. नोकरी आहे! कुणी काढत नाही! आज भाकरीबरोबर गोडाचा शिरा.

गुरुवार, ५ जानेवारी १९९५

दवाखान्यात बाबांबरोबर मी गेले. डॉक्टरीण बाईंनी कानात दिवा घालून बघितलं आणि विचारलं, "यात काय घातलंय?" बाबा लाजले. फार पूर्वी मशीनचा आवाज सहन होईना म्हणून ते कानात तेलात बुडवलेला कापूस घालायचे. त्यातला थोडा आतच राहिला, त्यावर मळ, त्यावर पॉलिशची भुकटी. दगड झाला होता! डॉक्टरीण बाईंनी पाणी मारून मारून, चिमट्याने काढला. काळा, हरभऱ्याएवढा. उजव्या कानातून.

डाव्यात तसं काही नाही. तो आवाजानेच गेलाय, परत यायचा नाही, म्हणाल्या. उजवाही थोडा कमी राहील. पण काम भागेल.

बाहेर आलो. बाबा पायरीवरच थांबले. मी विचारलं, "काय झालं?" अगदी नेहमीच्या आवाजात. मागून!

ते वळले.

शुक्रवार, ६ जानेवारी

सकाळपासून बाबा घरभर फिरतायत. स्टोव्हचा आवाज, नळाचा, आईच्या बांगड्यांचा. शेवंतीमावशीला म्हणाले, "हळू बोला की!" तिला राग आला. मी अभ्यासाला बसले तर म्हणतात, पेन वाजतंय तुझं.

पायल आली होती. दारात नेहमीसारखी थांबली. म्हणाली, "आज भांडण नाही?"

सोमवार, ९ जानेवारी

आज बाबा परत कामावर गेले. दुपारीच घरी आले. डबा भरलेला तसाच. आई घाबरली — "काढलं का?"

"नाही." कानातली बुचं त्यांच्या मुठीत होती. भिंतीला टेकून बसले.

"अगं, बुचं घालूनबी तिथं केवढा आवाज असतो!" म्हणाले. "माणसं कशी राहतात तिथं?"

आईने पाणी दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, "मी नाही जाणार तिथं आता."